पॉलिशला दिलंय

भोसरी, रथसप्तमी
25 जानेवारी 2026

चि. बाळू यास,


पत्र बघून हसशील. भोसरीहून तळवडे ते केवढं, आणि ही बाई पत्र लिहीत बसलीय! पण फोनवर तू दोन मिनिटांत “आत्या, शिफ्टला निघालोय, नंतर करतो” म्हणतोस, आणि तुझं ते नंतर काही उगवत नाही. घरी असलास की फोन चिऊच्या हातात असतो. मला जे बोलायचंय ते लेकराच्या हातातल्या फोनवर बोलण्यासारखं नाही. म्हणून आमच्या थोरल्याबरोबर हे पाकीट पाठवतेय. तो रोज आयटी पार्ककडे येतोच, तुझ्या हातातच देईल.

बुधवारी रात्री पावणेनऊला मला एका पोराचा फोन आला. “तुम्ही त्यांच्या आत्या ना? भाच्याला सांगा, तीन हप्ते थकलेत. नाही भरले तर घरी येऊ.” मी त्याला विचारलं, बाबा रे, मी जामीनदार आहे का? कुठल्या कागदावर माझी सही आहे? आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो तुला कुणी शिकवला नाही का? त्याने फोन ठेवला. मी पतसंस्थेत 29 वर्षं काढली, त्यातली नऊ वसुलीच्या टेबलावर. असल्या पोरांना मी घाबरत नाही. पण फोन ठेवल्यावर माझे हात कापत होते हे खरं.

माझा नंबर त्याला कुठून मिळाला? तुझ्याच फोनमधून. कुठलं तरी अ‍ॅप उतरवलंस, पैसे हवे होते म्हणून ते जे मागेल त्याला हो हो करत गेलास, आणि अख्ख्या गोतावळ्याची यादी त्याच्या हवाली केलीस. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधली नावं बघायची नाहीत असं रिझर्व्ह बँकेने 2022 सालीच सांगितलंय. म्हणजे ज्याने ती मागितली तो कसा धंदा करतो ते तिथेच कळायला हवं होतं.

तरी मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, पोराची ओढाताण चाललीय, निघेल बाहेर. पण शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं.

सूनबाई चिऊला घेऊन निगडीला बस बदलून आली. मोरपिशी साडी, केसात गजरा. मी कुंकू लावायला वाकले आणि गळ्याकडे लक्ष गेलं. तुझ्या आप्पांनी स्वतः सोनाराकडे दोन दुपारी बसून घडवून घेतलेलं ते दोनपदरी मंगळसूत्र नव्हतं. बेन्टेक्सची काळी पोत होती. शेजारच्या वहिनींनी विचारलंच, “हे काय गं, मोठं नाही घातलंस?” तर ती हसून म्हणाली, “ह्यांनी पॉलिशला दिलंय. सोनार नुसता उद्या-उद्या करतोय.”

किती सहज म्हणाली रे. तिला काहीच माहीत नाही, बाळू. मी तिच्या हातात वाणाचा डबा दिला आणि आत जाऊन तिळगुळाच्या बरणीचं झाकण उगीचच लावत-काढत उभी राहिले. पॉलिशला दिलंय! हे वाक्य मी कुठेही ओळखीन. का, ते पुढे सांगते. आधी तुला बोलून घेऊ दे.

आप्पांच्या आजारपणात तुझे किती गेले ते मला माहीत आहे. आम्ही देऊ केले तर तू घेतले नाहीस, तेही माहीत आहे. त्या पैशांबद्दल मी एक शब्द काढणार नाही. पण आप्पांना जाऊन अडीच वर्षं झाली. त्यानंतरची बुलेट आप्पांसाठी नव्हती. गोव्याची सहल आप्पांसाठी नव्हती. कार्डावर घेतलेला तो भिंतभर टीव्ही तर मुळीच नाही. दवाखान्याच्या कर्जावर तू एकेक चढवत गेलास आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगत गेलास, हे सगळं आप्पांच्या आजारपणामुळे झालं.

कार्डाचं गणित तू कधी कागदावर मांडलंयस का? मी मांडून देते. समज, तुझे 90,000 थकलेत आणि बँक महिन्याला साडेतीन टक्के लावते. महिन्याचं व्याज झालं 3,150. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 567. एकूण 3,717. तू ‘मिनिमम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे साडेचार हजार भरतोस आणि निश्चिंत होतोस. मुद्दलातून गेले किती? 783. नव्वद हजारांतून सातशे त्र्याऐंशी! आणि एकदा बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडलास की व्याज सुरू. वर्षाला 42 टक्के पडतात. आमच्या पतसंस्थेत 15 टक्के लावायचो तर लोक आम्हाला सावकार म्हणायचे.

घराच्या कर्जाचे कागद तर तू माझ्याकडूनच वाचून घेतले होतेस. 2021 साल, 20 लाख, 20 वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता 15,200. मी म्हटलं होतं, हा दर बदलता आहे, आज रेपो चार टक्क्यांवर आहे म्हणून स्वस्त दिसतोय. तू म्हणालास, बघू तेव्हाचं तेव्हा. ते तेव्हा लगेच आलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 एवढ्यात रेपो साडेसहावर गेला. सव्वानऊ टक्क्यांनी 20 लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच 15,400 होतं. जुन्या हप्त्यात व्याजसुद्धा मावेना. त्यात तुझी चूक नव्हती, सगळ्यांचंच तसं झालं. पण तो वाढलेला हप्ता कुठून आणलास? कार्डातून. तेही घरात न सांगता.

तेच विचारतेय. सूनबाईला सांगितलंस का?

पतसंस्थेत माणसं दोन तऱ्हेची यायची. एक नवरा-बायको मिळून यायची. बायको कागदाकडे बघत नसेल, पोराला सांभाळत बाकावर बसलेली असेल, पण असायची. दुसरा एकटाच यायचा, सही करून निघताना टेबलावर वाकून हळूच म्हणायचा, “मॅडम, काही नोटीस-बिटीस आली तर घरी पाठवू नका. मीच येऊन घेऊन जाईन.” असं म्हणणाऱ्याच्या खात्यावर मी पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवायचे. आमच्या व्यवस्थापकांनासुद्धा त्या टिंबाचा अर्थ माहीत नव्हता. वेळेत फिटलेली टिंबाची खाती मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पगार कमी म्हणून बुडाले असं नव्हे. त्यांच्यात फोरमन होते, मास्तर होते. घरात माहीतच नसल्यामुळे घर पूर्वीच्याच थाटात चालू राहायचं. बायको बारशाला साडी घ्यायची, पोरगं सहलीचे पैसे मागायचं, आणि हा नाही म्हणू शकायचा नाही; म्हटलं तर कारण सांगावं लागेल. मग दुसरं कर्ज. शुक्रवारी सूनबाई तसं बोलली तेव्हा मला ते पेन्सिलीचं टिंब आठवलं. आपल्याच घरातल्या माणसाच्या नावावर.

तू मागच्या बीजेला देहूत गंमत केली होतीस, आठवतं? आपण सगळे घाटावर बसलो होतो. तू म्हणालास, “आत्या, तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली, तशीच आपणही बँकेची कागदं टाकू.” सगळे हसले, मीही हसले. आता वाटतं, त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. अरे, तुकोबांनी बुडवली ती लोक त्यांना देणं लागत होते ती खतं. आपण लोकांचं देणं लागतो ते कुठल्याच नदीत बुडत नाही. आणि त्या गोष्टीतला पुढचा भाग तू विसरतोस. सगळी खतं त्यांनी बुडवली नाहीत. आधी कान्होबाबरोबर बसून वाटणी केली, भावाचा अर्धा वाटा त्याच्या हातात दिला, आणि मग फक्त आपला अर्धा पाण्यात सोडला. एवढा विरक्त माणूस, पण दुसऱ्याच्या वाट्याला विचारल्याशिवाय हात लावला नाही. मंगळसूत्र सूनबाईचा वाटा आहे. तू कान्होबाचा वाटा गहाण टाकलास.

लागलं ना? लागू दे. आता माझंही ऐक.

तू 1993 साली सातव्या महिन्यात झालास हे तुला माहीत आहे. बावीस दिवस काचेच्या पेटीत होतास हेही आईने सांगितलं असेल. त्या दवाखान्याचं बिल 14,000 झालं होतं, हे बहुतेक तुला कुणी सांगितलेलं नाही. आप्पांचा पगार तेव्हा दीड हजाराच्या आत-बाहेर. रात्री अकराला ते माझ्या दारात आले, आत आले नाहीत, जिन्यातच उभे राहिले. त्या वर्षी त्यांचं आणि आमच्या ह्यांचं बोलणं नव्हतं. कशावरून ते तू जाणतोस. पतसंस्थेतून पैसे काढावेत तर जामीनदार म्हणून ह्यांचीच सही लागली असती. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन माझ्या पाटल्या गहाण टाकल्या. ह्यांना सांगितलं नाही.

गौरी बसल्या तेव्हा सासूबाईंनी विचारलं, पाटल्या कुठायत? मी म्हटलं, “पॉलिशला दिल्यात.”

ह्यांना कळलं पुढच्या वर्षी. ट्रंकेत पावती सापडली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मला विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो का?” त्यांच्या भांडणापेक्षा तुझा जीव मोठा होता, हे त्यांना कळलं नसतं असं मी धरून चालले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आणि ऐक, नुकसान काय झालं ते. त्याआधी पगाराच्या रात्री हे पाकीट आणून माझ्यापुढे ठेवायचे आणि पाटावर बसायचे. मी वहीत लिहायचे: वाणी, दूध, भाडं, भिशी, गावाकडे. हे मधेमधे म्हणायचे, “रॉकेल धर की.” पाऊण तास चालायचं. त्या पावतीनंतर हे पाकीट फळीवर ठेवायला लागले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागले. पैसे शेवटपर्यंत पूर्ण दिले, एक रुपया कमी नाही. हिशेबाला मात्र पुन्हा कधी बसले नाहीत. चोवीस वर्षं. 2018 मध्ये हे गेले तेव्हा लोक म्हणाले, किती सुखाचा संसार! होताच. पण तो पाऊण तास मी घालवला होता, आणि तुझ्यासाठी पुन्हा घालवायचा असता तरी या वेळी सांगून घालवला असता.

म्हणून तुझ्यामागे लागलेय. तू आकड्यांमध्ये अडकलायस. आकड्यांचं काय, आकडे फिटतात. कसे, ते सांगते.

पहिल्यांदा ते अ‍ॅप. रक्कम लहान असते, पण माणसाची झोप तेच घालवतं. ते पूर्ण भरून टाक, भरल्याची पावती जपून ठेव. धमक्या आल्या तर 1930 वर सांग. मग कार्ड. बँकेला विचारून थकबाकीचे हप्ते पाडून घे, व्याज अर्ध्यावर येतं बहुधा, आणि कार्ड सूनबाईच्या हाताने कात्रीने काप. कंपनीच्या सोसायटीतून कमी व्याजाने कर्ज मिळत असेल तर काढ, पण त्यातून कार्डच फेडायचं. सोसायटीही उचलली आणि कार्डही चालू, असं चालणार नाही. तोळा लाखाच्या पुढे गेलाय म्हणून त्याच मंगळसूत्रावर आणखी पैसे मिळतात असं कुणी सांगेल. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस.

घराच्या कर्जाचं सगळ्यात शेवटी, पण बँकेत लवकर जा. 2025 मध्ये रेपो चार वेळा उतरला, साडेसहाचा सव्वापाच झाला. तुझ्या खात्यात तो उतरलाय का ते विचार. हप्ता कमी करायचा की मुदत, ते बँकेला आपण सांगायचं. कार्ड फिटेपर्यंत हप्ता कमी घे आणि जे वाचेल ते कार्डात घाल. कार्ड संपलं की हप्ता परत वाढव. बदलत्या दराच्या घरकर्जात आधी पैसे भरले तर दंड नसतो. दिवाळीच्या बोनसमधले थोडे तिथे टाकत जा.

आणि ओव्हरटाइम पगारात धरू नकोस. आपल्याकडे 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. आपण नळाच्या पाण्यावर घर चालवतो, टँकर अडीनडीला. तुझा ओव्हरटाइम हा टँकर आहे. त्याच 2019 सालात गाड्या खपेनात तेव्हा चाकणच्या पट्ट्यात आठवड्यातले दिवसच्या दिवस काम बंद ठेवत होते, तू घरी बसून होतास, विसरलास? मूळ पगारात किराणा, दूध, चिऊची रिक्षा, मेंटेनन्स आणि हप्ते बसवायचे. ओव्हरटाइम आला की आधी पिंप भरायचं: एका महिन्याचं घर आणि हप्ते निघतील एवढे बाजूला. ते नसेल तर गाडीचं टायर फुटलं की परत कार्ड.

बुलेट विक. मुद्दाम शेवटी लिहिलं, कारण सुरुवातीला लिहिलं असतं तर तू पुढे वाचलं नसतंस. पण चिऊचा वाढदिवस बंद करू नकोस. घरचा शिरा, सोसायटीतली आठ पोरं, झालं. गावच्या जत्रेला जा. लेकराला घर आटल्यासारखं वाटता कामा नये. तुझ्या लहानपणी तुला कधी वाटलं का?

सूनबाईला कळल्यावर ती म्हणेल, मीही कामाला जाते. ती तसलीच आहे. जाऊ दे, पण कुठे ते दोघांनी मिळून बघा. 8 डिसेंबर 2023 ला तुमच्याच तळवड्यात, केकवर लावायच्या त्या फुलबाजी मेणबत्त्यांच्या शेडला आग लागली. त्या आगीत सापडल्या त्या घरखर्चाला हातभार म्हणून कामाला गेलेल्या बायका होत्या. त्या संध्याकाळी तू मला फोन केला होतास, आवाज निघत नव्हता तुझा. जिथे ईएसआयचं कार्ड नाही आणि दाराला दुसरी वाट नाही, तिथे चार पैसे जास्त मिळाले तरी तिने जायचं नाही. तुझा टर्म इन्शुरन्सचा हप्ताही तोडू नकोस.

पण हे सगळं नंतर. आधी तिला सांग. कसं सांगू म्हणशील. चिऊ झोपल्यावर, टीव्ही बंद करून, सगळ्या पावत्या तिच्यापुढे ठेव. भूमिका बांधू नकोस, आप्पांचं नाव मधे आणू नकोस. बेरीज तिला करू दे. ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही. मग तिसऱ्या दिवशी ‘दुधाचं एक पाकीट कमी करू का’ असं काहीतरी विचारेल. तेव्हा समज, फिटलं.

आता आप्पांचं राहिलेलं. त्या 14,000 चे त्यांनी मला महिना अडीचशे दिले. 56 महिने. एकही चुकवला नाही. मी नोंद नको म्हटलं तर लाल कापडी पाठीची दोनशेपानी वही घेऊन आले. दर महिन्याला तारीख, ‘ताई, 250’, आणि खाली माझी सही घ्यायचे. एका पानावर तुझ्या बोटाचा शाईचा ठसा आहे, तू मांडीवर होतास तेव्हा उमटलेला. शेवटच्या हप्त्याला वही मलाच देऊन टाकली. ती माझ्याकडे आहे.

मार्चमध्ये माझी एक ठेव संपतेय. मंगळसूत्र सोडवायला लागतील तेवढे त्यातून देईन. व्याज नको. पण तुला एकट्याला देणार नाही. पुढच्या रविवारी दोघं जेवायला या, चिऊला आणा. त्याच वहीत, आप्पांच्या हिशेबाच्या पुढच्या पानावर लिहू, महिना पाचशे का होईना, आणि सही तुम्हा दोघांची. खूप पानं कोरी आहेत.

जास्त बोलले असेन. तू पेटीत होतास तेव्हा काचेतून तुझा अंगठा दिसायचा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तेव्हापासून तुला रागावायचं ठरवलं की माझं हे असंच होतं. जेवत जा वेळेवर. रात्रपाळीला मफलर घेत जा, इंद्रायणीकडून गार वारं येतं.

आणि हे पत्र फाडू नकोस, गाडीच्या डिकीत लपवू नकोस. वाचून झालं की सूनबाईच्या हातात दे.

तुझी,
आत्या